पंप बंद आहे हे तुमच्या संगणकाला पहिल्याच दिवशी कळलं होतं

प्रति,
सौर कृषिपंप आणि घरगुती सौर योजनांची पोर्टलं, ॲपं आणि कंट्रोलर तयार करणारे, त्यांना मंजुरी देणारे आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणारे सर्व अधिकारी, अभियंते आणि कंपन्यांचे व्यवस्थापक यांस,

स. न. वि. वि.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला तालुक्यात, एका गावात ई-सेवा केंद्र चालवते. आठ बाय दहाची खोली, एक संगणक, एक प्रिंटर, बोटाचा ठसा घेणारं यंत्र आणि बाहेर लिंबाखाली एक लांब बाक. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा ही कामं दिवसभर चालतात. अलीकडे मात्र बाकावर बसलेल्यांत सोलरच्या कामाला आलेली माणसं फार दिसतात. कुणाचा अर्ज भरायचा असतो, कुणाला पैसे भरून किती महिने झाले ते बघायचं असतं, कुणाचा पंप बसला पण चालत नाही. त्यांच्या वतीने तुमच्या पडद्यांसमोर रोज बसणारी म्हणून हे पत्र लिहिते आहे.

आधी तात्यांची गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढचं समजायचं नाही.

तात्या माझे चुलत सासरे. दीड-दोन एकर डाळिंब, भगवा वाण, ठिबकवर. बोअरला पाच एचपीचा सौरपंप. तो बसला त्या दिवशी तात्यांनी पॅनलला हळद-कुंकू वाहिलं होतं. रात्रीच्या लाईटीला पाणी द्यायला जाऊन त्यांच्या थोरल्या भावाला पान लागलं होतं, म्हणजे साप चावला होता, वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून ते वाचले. त्यामुळे दिवसाढवळ्या पाणी मिळणं ही आमच्या घरात केवढी मोठी गोष्ट आहे, हे आकड्यात मांडता येणार नाही.

गेल्या वर्षी मृग बहार धरला होता. ऑक्टोबरात फळं मुठीएवढी झाली आणि एका सकाळी पंप उठलाच नाही. तात्या मोबाइल घेऊन केंद्रात आले. काच तडकलेली, आत कंट्रोलरच्या, म्हणजे पंप चालवणाऱ्या पेटीच्या, पडद्याचा फोटो. भर उन्हात काढलेला, त्यामुळे पडद्यापेक्षा तात्यांची टोपीच त्यात जास्त दिसत होती. "यात काय म्हणतंय बघ गं पोरी," म्हणाले. मी रानात गेले, ओढणीचा आडोसा धरला, तेव्हा कुठे दोन इंग्रजी अक्षरं आणि एक आकडा वाचता आला. पंपासोबत आलेली पुस्तिका काढली, तीही अथपासून इतिपर्यंत इंग्रजीत. ॲपवर तक्रार टाकायला गेले तर फोटो चढेना. शेवटी गावात, देवळामागच्या उंचवट्यावर येऊन रेंज मिळाली तेव्हा तक्रार नंबर पडला.

तिसऱ्या दिवशी तात्यांना फोन आला. पलीकडच्याने तक्रारीसाठी आलेला ओटीपी विचारला. तात्यांना वाटलं माणूस निघाला असेल, म्हणून त्यांनी तो वाचून दाखवला. संध्याकाळी इंग्रजीत मेसेज आला आणि तो घेऊन ते माझ्याकडे आले. तक्रारीचं निवारण झालं, असं त्यात लिहिलं होतं. रानात कुणी पाऊलही टाकलं नव्हतं.

दुसरी तक्रार, पुन्हा वाट. एक टँकर घेतला, पण ठिबकवरच्या बागेला टँकर किती पुरवणार? अकराव्या दिवशी कंपनीचा मुलगा आला. तेवीस-चोवीस वर्षांचा, मोटरसायकलवर, पाठीला बॅग. एकट्याकडे तीन तालुके. पॅनलमागचा एक कनेक्टर, म्हणजे तारा जोडणारा सांधा, जळला होता. त्याने तो कापला, नवा जोडला. पंधरा मिनिटांत पाणी आलं. पोरगा चांगला होता, त्याच्याबद्दल माझी कसलीच तक्रार नाही. चहा पिता पिता त्याने आपल्या मोबाइलवर तात्यांच्या पंपाचा आलेख काढून दाखवला. रोज सकाळी चढणारी, दुपारी माथ्यावर जाणारी, संध्याकाळी उतरणारी रेघ, खिलार बैलाच्या वशिंडासारखी. आणि मग एका तारखेपासून ती जमिनीला टेकलेली, सलग अकरा दिवस.

तात्या बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे ह्यांना ठाऊक होतं?"

डाळिंबाला पाण्याचा ताण बसून एकदम पाणी मिळालं की साल तडकते. पंधरवड्यात निम्म्याहून अधिक फळं तडकली. तडकलेल्या फळाला बाजारात काय भाव मिळतो हे सांगोल्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

मी या पत्रात कुठल्या कंपनीचं, कुठल्या कार्यालयाचं नाव घेत नाही. एखाद्याला कारणे दाखवा नोटीस निघून हा प्रश्न सुटणार नाही. तात्यांनी विचारलं तेच मला तुम्हा सगळ्यांना विचारायचं आहे. पंपाच्या कंट्रोलरमध्ये सिमकार्ड आहे. किती वीज तयार झाली, मोटर किती वेळ चालली, का थांबली, हे सगळं ते वर पाठवतं. सरकारी योजनांतल्या सौरपंपांना ही दुरून देखरेख करणारी यंत्रणा बसवावीच लागते, निविदेतच तशी अट असते. मग ती माहिती ज्याच्या रानातून निघते, त्यालाच ती का दिसत नाही?

माझं म्हणणं एवढंच आहे. ऊन रानात पोचलं, पॅनल पोचले, सिमकार्डही पोचलं. माहिती मात्र रानातून वर जाते आणि वरच राहते.

योजना वाईट आहेत असं मी कधीच म्हणणार नाही. केंद्र सरकारची पीएम-कुसुम ही सौरपंपांची योजना 2019 मध्ये आली. राज्याची 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजना 2024 मध्ये आली, तिच्यात शेतकऱ्याने फक्त दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के. अडीच एकरांपर्यंत 3 एचपी, पाच एकरांपर्यंत 5, त्यापुढे 7.5. पाच वर्षं दुरुस्तीची हमी आणि विमा. कागदावर वाचलं की मन भरून येतं, आणि ज्यांचे पंप नीट चालतात त्यांच्या घरी जाऊन बघा, बाईमाणूससुद्धा दिवसा एकटीने पाणी देते. म्हणूनच जीव तुटतो.

दुसऱ्या देशांत हे कसं करतात म्हणून मी वाचायला लागले. केनियात 2007 मध्ये मोबाइलवरून पैसे पाठवायची एम-पेसा ही सोय सुरू झाली. तिच्याच आधारावर 2012 पासून एम-कोपा नावाची कंपनी घरोघरी छोटे सौरसंच हप्त्याने विकू लागली. गिऱ्हाईक रोज थोडे थोडे पैसे मोबाइलवरून भरतं. संच बिघडला तर कोण कशाला हप्ता भरेल? त्यामुळे संच चालू ठेवण्यात कंपनीचाच जीव अडकलेला असतो. यात कडूपणाही आहे. हप्ता चुकला की दुरूनच संच बंद होतो, घरात अंधार होतो. ते आपल्याकडे यावं असं मी म्हणणार नाही. पण त्या व्यवहारात गिऱ्हाइकाच्या हातात एक दोरी आहे. आपल्याकडे तात्यांनी आपले दहा टक्के आधीच भरले, उरलेले सरकारने दिले. तात्यांच्या हातात एक तक्रार नंबर राहिला, तोही एका ओटीपीत निघून गेला. अनुदान द्या, जरूर द्या. पण अनुदानामुळे शेतकऱ्याच्या हातातून सुटलेली दोरी माहितीच्या रूपाने त्याला परत द्या.

बांगलादेशातली गोष्ट मला याहून जवळची वाटली. तिथे 2003 पासून सरकारी वित्तसंस्थेच्या मदतीने चाळीस लाखांहून अधिक घरांवर छोटे सौरसंच बसले. तेव्हा तिथे स्मार्टफोन कुठे होते? गावोगावच्या संस्थांची माणसं हप्ता घ्यायला घरी यायची आणि आली की बॅटरीही बघून जायची. ग्रामीण शक्तीसारख्या संस्थेने खेड्यातल्या बायकांना दुरुस्ती शिकवली, त्या स्वतः कंट्रोलर जोडायला लागल्या. पुढे तारांची वीज पोचली तसे अनेक संच अडगळीत गेले हेही खरं. पण ते चालू होते तोवर त्यांच्यामागे गावातलंच, ओळखीचं माणूस उभं होतं. पाकिस्तानात तर 2024 या एका वर्षात सुमारे 17 गिगावॉटचे पॅनल बाहेरून आले, बहुतांश लोकांनी स्वतःच्या पैशाने घेतलेले, मोबाइलवरचे व्हिडिओ बघून गल्लीतल्या मिस्त्रीने बसवलेले. ज्ञान खाली आलं की माणसं काय करू शकतात ते त्यातून कळतं.

आणि आपलं सोलापूर? 30 आणि 31 जुलै 2012 ला देशाचा उत्तर आणि पूर्व भाग अंधारात गेला, साठ कोटींहून अधिक लोकांची वीज गेली. त्या वेळी दक्षिणेचं ग्रीड, म्हणजे विजेच्या तारांचं जाळं, बाकीच्या देशाशी एका लयीत जोडलेलं नव्हतं. 31 डिसेंबर 2013 ला ते जोडलं गेलं, आणि ज्या 765 केव्हीच्या वाहिनीने जोडलं ती रायचूर-सोलापूर. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सगळी वीज 50 हर्ट्‌झच्या एकाच ठेक्यावर चालते, त्याची शेवटची गाठ आमच्या जिल्ह्यात बांधली गेली. हजार कोसांवर काही बिघडलं तर ग्रीडच्या नियंत्रण कक्षात काही क्षणांत कळतं. एवढं ज्या देशाला जमतं, त्याला तात्यांच्या मोबाइलवर "तुमचा पंप आज चालला नाही" एवढं एक मराठी वाक्य पाठवता येणार नाही, हे मला पटत नाही.

आता मागणं सांगते, आणि यात नवं यंत्र एकही लागत नाही.

रोज संध्याकाळी शेतकऱ्याला एक साधा मेसेज यावा: आज पंप इतके तास चालला, इतके युनिट वीज झाली. ज्याला वाचता येत नाही त्याला रेकॉर्ड केलेला फोन यावा, जसा निवडणुकीत येतो. आभाळ स्वच्छ असताना सलग दोन दिवस रेघ जमिनीला टेकली तर तक्रार आपोआप पडावी, शेतकऱ्याने रेंज शोधत देवळामागे जायची गरज पडू नये. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे तक्रार बंद करायचा अधिकार ओटीपीला नको, मोटरलाच द्या. मोटर पुन्हा वीज ओढायला लागली हे कंट्रोलर तुम्हाला कळवतोच. ते कळेपर्यंत तक्रार उघडी राहू द्या. हे करायला फार तर तुमच्या प्रोग्रॅममध्ये चार ओळी वाढवाव्या लागतील. मी काही अभियंता नाही, पण रोज तुमची पोर्टलं हाताळून मला एवढं नक्की कळतं की ज्या पोर्टलला आधारवरचं 'ज्ञानोबा' आणि सातबाऱ्यावरचं 'ज्ञानू' यातला फरक क्षणात सापडतो, त्याला अकरा दिवसांचं शून्यही सापडू शकतं.

नावाचा विषय निघालाच आहे तर तेही ऐका. आमच्याकडे अर्ज अडतात ते पैशाने कमी, नावाने आणि मोबाइल नंबराने जास्त. सातबाऱ्यावर चार भाऊ, त्यातले दोघे पुण्याला, त्यांचं संमतीपत्र हवं. आधारला जोडलेला नंबर पुतण्याचा, तो कामावर असतो, ओटीपी दोन-चार मिनिटांत मरतो. विधवा बाईचं नाव सातबाऱ्यावर लागलेलंच नसतं, मग तिचा पंप कुठून येणार? मी तिला तलाठ्याकडे पाठवते आणि ती परत येत नाही. या बायका तुमच्या यादीत 'प्रलंबित' म्हणूनसुद्धा दिसत नाहीत, कारण त्यांचा अर्जच झालेला नसतो. आणि अर्ज भरायची घाई असलेल्यांना खोट्या वेबसाइट गाठतात. कुसुमच्या नावाने नोंदणी फी उकळणाऱ्या बनावट साइटपासून सावध राहा, असं केंद्राच्या मंत्रालयाने वेळोवेळी सांगितलेलं आहे. पण तो इशाराही वेबसाइटवरच असतो. बाकावरच्या माणसापर्यंत तो न्यायचा तर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मराठीत रंगवावा लागेल.

आणि नुसत्या मराठीतही भागणार नाही. माझं माहेर सोलापूर शहरातलं, पूर्व भागातलं. वडील यंत्रमागावर होते. आमच्या गल्लीत घराघरांत तेलुगू, पलीकडच्या गल्लीत उर्दू, अक्कलकोटकडून येणाऱ्या पाहुण्यांची कन्नड. लहानपणी लाईट गेली की माग थांबायचा आणि मागाबरोबर मजुरी थांबायची, कारण मजुरी कापडावर. वडील तेव्हा उंबऱ्यात येऊन बसायचे आणि काहीच बोलायचे नाहीत. म्हणून वीज हा शब्द ऐकला की मला आधी तो उंबरा आठवतो. आता त्याच गल्लीत घराच्या छतावर पॅनल बसवायच्या सूर्यघर योजनेची चौकशी चालते. 3 किलोवॉटला 78 हजारांचं अनुदान, फेब्रुवारी 2024 पासून. माझ्या मावशीने मला फोन करून विचारलं, "मीटर उलटा फिरतो म्हणजे काय?" छतावरची उरलेली वीज तारांत परत गेली की बिलातून वजा होते, हे तिला तेलुगूत समजावणारं शेजारचं पोरगं होतं म्हणून बरं. विडी वळणाऱ्या, टॉवेल शिवणाऱ्या बायकांना ॲपमधला आलेख त्यांच्या बोलीत वाचता आला, तर पॅनलवर धूळ बसून वीज घटली हे त्या तुमच्या आधी ओळखतील. उन्हाळ्यात पॅनल तापला की वीज थोडी घटतेच, एक अंश वाढला की साधारण 0.3 ते 0.5 टक्के, आणि सोलापूरचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. त्यामुळे घट उन्हाने झाली की धुळीने, हे कळायला हवं.

एक धाक मात्र मनात आहे, तो लपवत नाही. पंप किती तास चालला हे सगळ्यांना कळू लागलं तर उद्या त्यावरून पाणी तोडतील, अशी भीती बाकावर बोलली जाते. ती खोटी म्हणून उडवून लावू नका. ऊन फुकट म्हणून बोअर दिवसभर चालू ठेवला तर सांगोल्याच्या जमिनीत खाली काय उरेल, ही चिंताही तितकीच खरी आहे. मला वाटतं यावर उत्तर शेतकऱ्याला सामील करून घेण्यातच आहे. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावात 2016 च्या सुमारास काही शेतकऱ्यांनी सहकारी मंडळी काढली. सौरपंपाला लागून उरलेली वीज ते एकत्रित ग्रीडला विकतात. उगाच पाणी उपसण्यापेक्षा वीज विकणं परवडतं, म्हणून पाणी आपोआप राखलं जाईल, असा त्यामागचा विचार. आमचा जिल्हा साखर कारखान्यांचा, सहकार इथे कुणी शिकवायला नको. पॅनल वर्षातले कितीतरी दिवस रिकामे तापत असतात. त्या दिवसांची वीज कडबाकुट्टीला, पिठाच्या गिरणीला लावता येईल असे कंट्रोलरही निघाले आहेत. पण हे ठरवायला शेतकऱ्याला आधी आपली वीज किती, हे तरी दिसायला हवं ना? माहिती त्याच्या हातात, त्याच्या परवानगीने पुढे, हा क्रम ठेवा. मग त्याच माहितीवर तो गावात बसून पाण्याचं बोलू शकेल.

शेवटचं मागणं माणसांचं. तीन तालुक्यांना एक पोरगा हे चालायचं नाही. आमच्या गावात आयटीआय झालेली तीन मुलं आणि एक मुलगी घरी बसून आहेत. कनेक्टर बदलायला पंधरा मिनिटं लागली, ते मी डोळ्यांनी पाहिलं. चार-पाच गावांत मिळून एकाला शिकवा, त्याच्याकडे कनेक्टर, केबल, फ्यूज एवढं सामान ठेवा, दर कामाचे पैसे ठरवून द्या. ती मुलगी माझ्या केंद्रातल्या टेबलाशी बसली तरी चालेल, भाडं घेणार नाही. पाच वर्षांची हमी संपल्यावर या पंपांना आणि त्यांच्यातल्या सिमकार्डाला कोण वाली असणार, हेही आत्ताच ठरवा. पहिल्या पंपांची पाच वर्षं भरत आली आहेत.

तात्यांनी यंदाही बहार धरला आहे. रोज सकाळी नऊच्या सुमारास ते माझ्या केंद्रावरून जाताना हाताने खूण करतात, पंप उठला म्हणून. त्यांच्या पंपाची देखरेख सध्या एवढीच आहे.

या पत्राला उत्तर द्याल ते कृपा करून मराठीत द्या. मी ते छापून भिंतीला लावीन आणि बाकावर बसलेल्यांना वाचून दाखवीन.

आपली,
एक ई-सेवा केंद्रचालक
ता. सांगोला, जि. सोलापूर